रल्ली : थरच्या वाळवंटातल्या बायकांनी शिवलेला इतिहास

"अकबराचा जन्म कोठे झाला?" हा प्रश्न आपल्याकडे एका गुणासाठी विचारला जातो. मुले 'अमरकोट' लिहितात, गुण घेतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. हे अमरकोट, म्हणजे उमरकोट, आज पाकिस्तानातल्या सिंधमध्ये आहे आणि थरच्या वाळवंटाच्या कडेला वसलेले आहे. तिथे माणसे कशी राहत होती, काय खात होती, काय पांघरत होती, त्यांच्या दारात कोणती जनावरे होती, हे त्या एका गुणात बसत नाही. इतिहास म्हणजे बादशहा आणि लढाया अशी सवय लागली की बाकीचे सगळे आपोआप गळून जाते.

आणखी एक कारण आहे. आपल्याकडे मुसलमानांबद्दल बोलताना 'वाळवंटातून आलेला धर्म' असा शब्दप्रयोग सहज केला जातो. म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अरबस्तान असते आणि मनात रखरखीतपणा असतो. पण वाळवंट आपल्या उपखंडातही आहे. थरचे क्षेत्रफळ सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर असून त्याचा बहुतेक भाग भारतात आहे. जगातल्या दाट वस्तीच्या वाळवंटांत त्याची गणना होते. तिथे हिंदू आणि मुसलमान शतकानुशतके एकाच विहिरीच्या आधाराने राहत आले. म्हणून या लेखात बादशहाला थोडे बाजूला ठेवून मी तीन साध्या गोष्टींकडे पाहणार आहे : गोधडी, कुत्रा आणि रानातले प्राणी.

बादशहा आणि पोहरा

सुरुवात मात्र बादशहापासूनच करावी लागते, कारण थरमधल्या रोजच्या जगण्याचे जुने लेखी वर्णन त्याच्यामुळेच हाती लागते. १५३९ मध्ये चौसा आणि १५४० मध्ये कनौज अशा दोन लढायांत शेरशहाकडून हरलेला हुमायून आसरा शोधत सिंध आणि मारवाडात भटकत होता. १५४२ च्या उन्हाळ्यात तो फलोदी, जैसलमेर असा वाळू तुडवत उमरकोटकडे निघाला. बेगम हमीदाबानू तेव्हा गरोदर होती. त्याच्या चाकरीत जौहर नावाचा आफताबची होता. आफताबची म्हणजे हातपाय धुवायला पाणी देणारा नोकर. पुढे म्हातारपणी या जौहरने आठवणी लिहिल्या. हुमायूनची सावत्र बहीण गुलबदन बेगम हिनेही 'हुमायूननामा' लिहिला. एक पाणक्या आणि एक बाई, अशा दोघांनी लिहिलेले असल्यामुळे या वर्णनांत तख्तापेक्षा तहान जास्त आहे.

विहिरी इतक्या खोल होत्या की पोहरा वर आला हे बैल हाकणाऱ्याला दिसत नसे. तो दोर ओढत लांब गेलेला असे. म्हणून पोहरा काठाशी आला की ढोल वाजवून त्याला कळवावे लागे. तहानेने वेडे झालेले शिपाई पोहऱ्यावर तुटून पडले, दोर तुटला आणि काही जण विहिरीत पडले. जैसलमेरच्या हद्दीत तर वाटेवरच्या विहिरी वाळूने बुजवल्या गेल्या होत्या. शेवटी उमरकोटच्या सोढा राजपूत राण्याने या हरलेल्या मुसलमान बादशहाला आसरा दिला आणि १५ ऑक्टोबर १५४२ रोजी अकबराचा जन्म झाला. हुमायून तेव्हा काही कोस दूर मुक्कामाला होता. मुलगा झाल्याची बातमी आली तेव्हा सरदारांना वाटायला त्याच्याकडे काही उरले नव्हते. त्याने जवळची कस्तुरी फोडली आणि तिचेच तुकडे वाटले.

ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पण तो लवाजमा पुढे निघून गेल्यावर त्या खोल विहिरीतून रोज पाणी काढणारी माणसे तिथेच राहिली. ढोल वाजवण्याची युक्ती हुमायूनसाठी काढलेली नव्हती, ती त्यांची रोजची रीत होती. खरा इतिहास त्यांचा आहे.

पाण्याभोवतीचा दिवस

थरमध्ये पाऊस सरासरीने पश्चिमेकडे १०० मिलीमीटरपर्यंत खाली येतो आणि पूर्वेकडे ५०० पर्यंत जातो. तो दर वर्षी पडतोच असेही नाही. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ राजस्थानात 'छप्पनिया' म्हणून आजही ओळखला जातो. अशा मुलखात सगळा दिवस पाण्याभोवती फिरतो. पावसाचे पाणी साठवायला टांका असतो. खडूच्या किंवा जिप्समच्या थरावर अडलेला ओलावा मिळवण्यासाठी कुई किंवा बेरी असते. गुरांसाठी तळे असते. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' या पुस्तकात या सगळ्या शहाणपणाची नोंद केली आहे. हे पाणी डोक्यावरून घरी आणणे हे बहुतेक ठिकाणी बायकांचे काम होते आणि पुष्कळ वस्त्यांत अजूनही आहे.

सिंधच्या बाजूला घर म्हणजे चौंरा : मातीची गोल भिंत आणि वर गवताचे टोकदार छप्पर. कच्छमध्ये त्याच्याच जातीच्या घराला भुंगा म्हणतात. गोल भिंतीला वारा अडत नाही आणि तिन्हीसांजेनंतर आत गारवा राहतो. जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, ताक, केर आणि सांगरीची भाजी. सांगरी ही खेजडीची शेंग. खेजडी म्हणजे आपली शमी, जिची आपल्याकडे दसऱ्याला पूजा होते. सिंधीत तिला कंडी म्हणतात. दसरा न पाळणाऱ्या थरी मुसलमानाच्या घरीही दुष्काळात याच झाडाने माणसे आणि शेळ्या जगवल्या आहेत.

पाणी आणले, दळण झाले, गुरे चरायला गेली, की दुपारचा वेळ उरतो. बाहेर ऊन इतके असते की हिंडता येत नाही. या वेळेत छपराखाली बसून जे तयार होते त्याचे नाव रल्ली.

रल्ली म्हणजे काय

आपण जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतो, तिची ही थरमधली बहीण. सिंधीत रिल्ली किंवा रल्ली, बाडमेर-जैसलमेरकडे राली. 'रलणु' म्हणजे मिसळणे, एकत्र होणे. त्या क्रियापदावरून हे नाव आले असे मानतात. सिंध, बलुचिस्तानचा काही भाग, बहावलपूरकडचे चोलिस्तान, पश्चिम राजस्थान आणि कच्छ असा तिचा मुलूख आहे. पॅट्रिशिया स्टोडार्ड या अमेरिकन अभ्यासिकेने २००३ मध्ये रल्लीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तोवर या कामाला ग्रंथालयात जवळपास जागाच नव्हती.

रल्ली तीन तऱ्हांची असते. पहिलीत फाडलेल्या कापडाचे चौकोन आणि त्रिकोण एकमेकांना जोडून वरचा थर होतो. दुसरीत कापडाची घडी घालून कात्रीने नक्षी कापतात, घडी उलगडली की चारी बाजूंनी सारखी वेल दिसते, आणि ती दुसऱ्या कापडावर कडा दुमडून शिवतात. कच्छ-राजस्थानात या कामाला कटाब म्हणतात. तिसरी सामी आणि जोगी या भटक्या समाजांच्या बायका करतात. तिच्यात धावदोऱ्याचे टाके इतके दाट असतात की खालचे कापड टाक्यांमागे लपून जाते.

वरचा थर तयार झाला की जमिनीवर चटई पसरतात. तिच्यावर तळाचे कापड, मधे घरातल्या फाटक्या ओढण्या, सलवारी, चादरी यांचे थर आणि वर नक्षीचा थर. मग दोन-चार जणी बाजूंनी बसून जाड सुईने आणि सुती दोऱ्याने सरळ धावदोरा घालत जातात. रंग ठळक असतात : पांढरा, काळा, लाल, पिवळा किंवा नारिंगी, सोबत हिरवा, निळा, जांभळा. जुने कापड पुन्हा रंगवून घेण्याची रीतही होती. सगळीकडे पिवळसर करडी वाळू असलेल्या मुलखात माणसाच्या डोळ्याला रंगाची भूक लागते, असे रल्ली पाहताना वाटते.

ती फक्त पांघरायची वस्तू नव्हती. हिवाळ्यात वाळवंटातली रात्र फार गार होते, तेव्हा ती अंगावर. पाहुणा आला की खाटेवर. बाळाच्या झोळीत, उंटाच्या पाठीवर, धान्याच्या पिशवीत, गारुड्याच्या झोळीतही तीच. लग्नात मुलीला किती रल्ल्या दिल्या यावरून घरची ऐपत कळे. आई आणि आजी मुलगी लहान असल्यापासूनच त्या शिवून ठेवत. सासरच्या घरात या रल्ल्यांची चवड भिंतीशी रचलेली असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी तिच्यावर जाई.

आता इतिहासाचा मुद्दा. कापड टिकत नाही. वापरलेली गोधडी तर मुळीच टिकत नाही, कारण ती झिजली की दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते. म्हणून शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या रल्ल्या फार क्वचित मिळतात. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला, मंजिष्ठेने रंगवलेला सुती कापडाचा तुकडा सापडला होता. म्हणजे सिंधच्या भूमीत कापूस विणणे आणि रंगवणे चार हजार वर्षांहून जुने आहे. सिंधू संस्कृतीच्या मडक्यांवरची काही नक्षी आणि रल्लीतली चौकोनांची मांडणी यांत काही अभ्यासकांना साम्य दिसते. मधल्या काळातले कापड हाती नसल्यामुळे ते सिद्ध करता येत नाही आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. आईने मुलीला हात धरून शिकवलेली गोष्ट लेखी पुराव्याशिवायही किती लांब जाऊ शकते, हे आपण आपल्या घरातल्या पाककृतींवरून ओळखतो.

रल्लीवर नाव नसते, तारीख नसते. पण प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी अंगावरचा असतो. त्या घरातल्या माणसांची तीच वंशावळ. आणि ही कला कोणत्या धर्माची, या प्रश्नाला उत्तर नाही. मेघवार, भील, कोळी या हिंदू समाजांच्या बायका ती करतात, तशाच सामी आणि इतर मुसलमान समाजांच्या बायकाही. प्रत्येक समाजाची आवडनिवड थोडी वेगळी, पण टाका तोच आणि मांडणीचे गणितही तेच.

ठिगळाची इज्जत

आपल्या परंपरेत ठिगळ ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हती. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) घरी स्वतःची पादत्राणे दुरुस्त करत आणि कपडे शिवत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याची नोंद हदीसमध्ये आहे. खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्या खांद्यांमध्ये कापडावर एकावर एक तीन ठिगळे होती, असे हजरत अनस (रजि.) यांनी पाहिले आणि ते इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त आले. पुढे सूफींनी ठिगळांचा झगा, खिरका, हीच आपली ओळख केली. उर्दूत 'गुदडी का लाल' असे म्हणतात : चिंध्यांत जन्मलेला, पण माणिकासारखा माणूस. मराठीत गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. गुदडी आणि गोधडी हे शब्द तर एकाच घरातले वाटावेत इतके जवळ आहेत.

थरकडे या विचाराची स्वतःची गोष्ट आहे. सिंधचे महाकवी शाह अब्दुल लतीफ भिटाई (१६८९–१७५२) यांनी 'शाह जो रिसालो'मध्ये मारुईची कथा गायली. थरमधली ही गुराख्यांची मुलगी विहिरीवर पाणी भरत असताना राजा उमर सूमरो तिला उचलून उमरकोटच्या किल्ल्यात नेतो. रेशीम देतो, दागिने देतो, राणीपद देऊ करतो. मारुई आपली जाडीभरडी लोकरीची लोई अंगावरून उतरवत नाही. तिला आपल्या माणसांत, आपल्या गवताच्या घरात परत जायचे असते. अखेर राजाला तिला सोडावे लागते. ज्या किल्ल्याची ही गोष्ट सांगतात त्याच उमरकोटात पुढे अकबर जन्मला. सिंधी माणूस या दोन्ही गोष्टी जाणतो, पण गाणी तो मारुईची गातो.

उंबरठ्यावरचा कुत्रा

आता कुत्र्याकडे वळू. या विषयावर आपल्या समाजात बोलणे थोडे नाजूक आहे, म्हणून सावकाश बोलतो.

सिंधमध्ये कुत्रा माणसाच्या सोबत किती काळ आहे याचा एक गमतीदार पुरावा आहे. चन्हूदडो येथे अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये उत्खनन केले. तिथे एक वीट सापडली. ती ओली असताना तिच्यावरून आधी एक मांजर गेली आणि तिच्यामागून कुत्रा. दोघांच्या पावलांचे ठसे एकमेकांवर पडले आणि वीट भाजल्यावर कायमचे राहिले. सिंधू संस्कृतीच्या मातीच्या खेळण्यांत गळ्यात पट्टा असलेले कुत्रेही आहेत.

थरमधल्या धनगराला कुत्रा हवाच. शेळ्यामेंढ्यांवर लांडगा आणि कोल्हा यांची नजर असते. रात्री कळप काट्यांच्या कुंपणात बसतो. कुत्रा कुंपणाच्या बाहेर असतो. माणसाला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी त्याला चाहूल लागते. भाकरीचा तुकडा आणि ताक एवढ्यावर तो हे काम करतो. धनगर हिंदू असो की मुसलमान, या व्यवस्थेत फरक पडत नाही.

मग 'मुसलमान कुत्रा पाळत नाहीत' हे कोठून आले? धर्मशास्त्रात या विषयावर एकच मत कधीच नव्हते. घरात निव्वळ हौसेसाठी कुत्रा ठेवू नये अशी हदीस आहे. तशीच शिकार, कळप आणि शेत यांच्या राखणीसाठी तो ठेवावा, ही मुभाही हदीसमध्येच आहे. शाफई मतानुसार कुत्रा पूर्ण अपवित्र आहे. हनफी मतानुसार त्याची लाळ अपवित्र, अंग नाही. मालिकी मतात जिवंत कुत्रा पाकच मानला जातो. आपल्याकडे कोकणी मुसलमान शाफई आणि देशावरचे बहुतेक हनफी, त्यामुळे एकाच महाराष्ट्रात या बाबतीत घरोघरी वेगळी वागणूक दिसते.

कुरआनात सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी प्राण्यांनी पकडलेली शिकार खाण्याची परवानगी आहे. सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या ईमानदार तरुणांची कथा आहे आणि त्यांच्यासोबत उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्राही आहे. ते किती जण होते, याबद्दलचे लोकांचे अंदाज सांगतानाही प्रत्येक वेळी कुत्रा मोजला आहे. तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याला पाहून एक माणूस विहिरीत उतरला, आपल्या मोज्यात पाणी भरून ते त्याला पाजले आणि अल्लाहने त्याला क्षमा केली, ही हदीस प्रसिद्ध आहे. जनावरांशी चांगले वागण्याचेही पुण्य मिळते का, असे सहाबांनी विचारले, तेव्हा प्रत्येक जिवंत काळजासाठी पुण्य आहे असे उत्तर मिळाले. ज्या मुलखात पोहरा ढोल वाजवून वर काढावा लागतो, त्या मुलखात ही हदीस ऐकताना तिचे वजन कळते. तिथे कुत्र्याला पाजलेले पाणी हे उरलेसुरले पाणी नसते.

अरबी साहित्यानेही कुत्र्याला जागा दिली. नवव्या शतकातल्या अल-जाहिजच्या 'किताब अल-हयवान'मध्ये कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा यावर लांबलचक वाद आहे. बगदादचा इब्न अल-मर्जुबान (मृत्यू ९२१) याने तर एका पुस्तकाचे नावच 'कपडे घालणाऱ्या अनेकांपेक्षा कुत्र्यांचे श्रेष्ठत्व' अशा अर्थाचे ठेवले. बदू अरबांच्या तंबूत सलूकी या शिकारी कुत्र्याला मानाची जागा होती. या सडपातळ, लांब पायांच्या कुत्र्यांचे नाते थेट आपल्यापर्यंत येते. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे विजापूर-बागलकोट भागात जो कारवान कुत्रा आहे, तो काफिल्यांबरोबर, म्हणजे कारवाँबरोबर, पश्चिमेकडून आला असे मानले जाते. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तो जोपासला म्हणून तो मुधोळ हाऊंड. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीटही निघाले. मराठी मुलखात ज्याचा इतका अभिमान बाळगला जातो त्या कुत्र्याच्या नावातच फारसी शब्द आहे.

रान आणि माणूस

थरला ओसाड म्हणणाऱ्याने तिथली एक सकाळ पाहावी. चिंकारा हे हरीण पाण्याशिवाय बरेच दिवस पानांतल्या ओलाव्यावर काढते. वाळवंटी खोकड, सांडा, घोरपड, आणि आपल्याला कोकणामुळे चांगले ठाऊक असलेले फुरसे. फलोदीजवळच्या खिचन गावात हिवाळ्यात हजारो कुरजा, म्हणजे क्रौंच जातीचे पक्षी उतरतात आणि गावकरी त्यांना दाणे घालतात. सिंधच्या थरपारकरमध्ये मोर गावातून कोंबड्यांसारखे फिरतात.

हे सगळे टिकले त्याला माणसांच्या रीतीही कारण आहेत. जांभोजींनी १४८५ मध्ये बिश्नोई पंथ स्थापन केला. त्याच्या २९ नियमांत हिरवे झाड तोडू नये आणि जीव मारू नये हे येते. १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडली येथे अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई खेजडीची झाडे वाचवताना मारले गेले. गावोगावच्या ओरणांत, म्हणजे आपल्या देवराईसारख्या राखीव रानांत, कुऱ्हाड चालत नाही. तिथे सगळ्यांची गुरे चरतात. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात हेच गवत आणि म्हशी सांभाळण्याचे काम मुतवा, जत, हालेपोत्रा अशा मुसलमान मालधारी समाजांनी केले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. माळढोकाला राजस्थानात गोडावण म्हणतात. आता जगात दीडशेच्या आसपासच उरले आहेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेर भागात. आपल्याकडे नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये याच पक्ष्यासाठी झाले. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. संस्थानिकांच्या काळात त्याची बेसुमार शिकार झाली. आता विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. तारा जमिनीखालून न्याव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आणि २०२४ मध्ये तो आदेश सौम्य केला. सीमेपलीकडे आखाती देशांतल्या बड्या लोकांना तिलोर पक्ष्याच्या शिकारीचे परवाने दिले जातात. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घातलेली बंदी २०१६ मध्ये उठली. मुसलमान देशात मुसलमानांनी केलेली शिकार म्हणून तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही.

आणि कुत्रा? धनगराचा राखणदार कुत्रा वेगळा आणि मालक नसलेले, मेलेल्या जनावरांच्या ढिगावर पोसलेले कळप वेगळे. हे कळप चिंकाऱ्यांना तारेच्या कुंपणात कोंडून फाडतात, जमिनीवर घातलेली माळढोकाची अंडी खातात. दोष कुत्र्याचा नाही. ज्या व्यवस्थेत त्याला काम होते, भाकरी होती आणि धनी होता, ती मोडली.

फाटलेले कापड

१९४७ मध्ये वाळूवर रेघ ओढली गेली. वाळू तीच, खेजडी तीच, पण मामाचे गाव परदेशात गेले. जोधपूर आणि सिंधमधले हैदराबाद यांना जोडणारी रेल्वे १९६५ च्या युद्धात बंद पडली. १९७१ मध्ये भारतीय सैन्याने छाछरोपर्यंतचा मुलूख घेतला. पुढे सिमला करारानुसार तो परत दिला, पण तिकडचे हजारो सोढा राजपूत, मेघवार आणि इतर हिंदू इकडे बाडमेरकडे आले ते कायमचेच. येताना त्यांच्याबरोबर भरतकाम आणि रल्ल्या आल्या. छावणीत पोट भरण्यासाठी बायकांनी स्वतःच्या लग्नातले कपडे विकले. शहरांतल्या दुकानांत दिसणाऱ्या 'बाडमेरी' कामाच्या मागे ही विक्री आहे.

२००६ मध्ये मुनाबाव-खोखरापार मार्गे थर एक्सप्रेस सुरू झाली. इकडच्या बहिणी तिकडच्या भावांना भेटल्या. ऑगस्ट २०१९ पासून ती बंद आहे. आज थरपारकर जिल्ह्यात हिंदूंची संख्या चाळीस टक्क्यांच्या वर आहे आणि बाडमेर-जैसलमेरच्या सीमेवर सिंधी बोलणारे मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. दोघांकडेही आपापल्या देशात संशयाने पाहिले जाते. गुरे चारताना नकळत रेघ ओलांडली म्हणून दोन्हीकडचे गुराखी तुरुंगात जातात.

अशा वेळी मला रल्ली पुन्हा पुन्हा आठवते. कोणत्याही संग्रहालयात दोन रल्ल्या शेजारी ठेवल्या, एक मिठीजवळची आणि एक बाडमेरजवळची, तर पाटी वाचल्याशिवाय देश सांगणे कठीण जाईल. शिवणारीचा धर्म सांगणे त्याहून कठीण.

आपल्यापुरते

या लेखाचा मराठी वाचकाला उपयोग काय, असे कोणी विचारेल. माझ्या मते दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली मुसलमान वाचकांसाठी. धर्माच्या नावावर आपण ज्या सवयी जपतो, त्यातल्या किती शास्त्राच्या आणि किती शहरी सोयीच्या, हे तपासायला हवे. भर उन्हात दारात आलेल्या कुत्र्याला दगड मारणारा मुलगा 'नापाक आहे' असे कारण देतो, तेव्हा त्याला मोज्यात पाणी भरणाऱ्या माणसाची हदीस कोणी सांगितलेली नसते. ती सांगणे आपले काम आहे. लाळ लागली तर धुवायचे हे त्याला जरूर शिकवावे. पण त्याआधी पाण्याचे भांडे बाहेर ठेवायला शिकवावे.

दुसरी गोष्ट सगळ्यांसाठी. महाराष्ट्रात गोधडी हिंदूंच्या घरी आहे, मुसलमानांच्या घरी आहे. सीमेपलीकडे उत्तर कन्नडमधले सिद्दी, जे मूळचे आफ्रिकेतले आणि आज हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांत विभागलेले, तेही कवंदी नावाची गोधडी शिवतात. तिच्या कोपऱ्यांवर 'फुला' लावला नाही तर गोधडी उघडीवाघडी राहिली असे त्यांच्या बायका मानतात. आपल्या घरातल्या जुन्या गोधडीत कोणाचे लुगडे आहे, कोणाची ओढणी आहे, हे सांगणारी आजी अजून असेल तर तिला विचारून घ्यावे आणि वहीत लिहून ठेवावे, नावांसकट. इतिहासाची साधने म्हणून आपण ताम्रपट आणि फर्माने मोजतो. ती मोजावीतच. पण ती बहुतेक ज्यांच्याकडे जमीन आणि सत्ता होती त्यांची आहेत. ज्यांच्याकडे फक्त जुने कपडे आणि दुपारचा वेळ होता, त्यांची कागदपत्रे गादीखाली घडी करून ठेवलेली आहेत. ती झिजून जाण्याआधी वाचायला हवीत.